केळ हे झाड नाही

केळ हे झाड नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोलले आहे की ते बोलताना माझा आवाज आपोआप चढतो. धुळ्यात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत असे. दरवर्षी वनस्पतींचं वर्गीकरण शिकवायचा दिवस आला की मी फळ्यावर डावीकडून उजवीकडे मोठे गट मांडायची. आधी शेवाळं, ज्यांना मूळ, खोड, पान असं काही वेगळं नसतं. मग ओल्या भिंतीवर उगवणारं मॉस आणि त्याचे भाऊबंद. मग नेचे, ज्यांच्या अंगात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात पण ज्यांना फूल येत नाही. मग सायकससारख्या वनस्पती, ज्यांचं बी उघड्यावर असतं. आणि शेवटी फुलं येणाऱ्या, बी फळात झाकून ठेवणाऱ्या. त्यांचे पुन्हा दोन भाग, एकदल आणि द्विदल. इतकं लिहून होईपर्यंत वर्ग शांत असायचा. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचं, मॅडम, केळीचं झाड कशात येतं?

माझं डोकं फिरायचं. विचारणाऱ्या पोराचा काही दोष नसायचा, उलट तो एकटाच जागा असायचा. मी खडू खाली ठेवायची आणि सांगायची की झाड म्हणू नकोस. ज्याला आपण केळीचं खोड म्हणतो ते खोडच नाही, पानांचे देठ एकमेकांभोवती गुंडाळून झालेला खांब आहे. कापून बघ, आत कांद्यासारखे पापुद्रे निघतील, लाकडाची एक काडी निघणार नाही. खरं खोड जमिनीखाली असतं, कंद म्हणतात तो. म्हणून केळ कितीही उंच झाली तरी ती वृक्ष नाही, झुडूपही नाही, रोपटं आहे. फुलं येणाऱ्यांतली एकदल, ज्वारीच्या आणि गवताच्या बाजूची. एवढं सांगेपर्यंत माझा चेहरा लाल झालेला असायचा आणि पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. मॅडमला केळीचा एवढा राग का, हे त्यांना कधी कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

आमचं गाव रावेरकडचं. गावाच्या चारही अंगांना केळी. आम्ही केळीत खेळलो, केळीच्या पानावर जेवलो, केळीच्या पाण्याचे न निघणारे तपकिरी डाग अंगावरच्या कपड्यांवर मिरवले. घरात कोणाला वर्गीकरण माहीत नव्हतं आणि त्यावाचून कोणाचं अडतही नव्हतं. मुलीने कॉलेजात जावं असं मात्र एकट्या नानांना वाटायचं. नाना म्हणजे माझे वडील. काका, आत्या, आजूबाजूची भावकी, सगळे विरोधात असताना त्यांनी मला जळगावला बी.एस्सी.ला घातलं आणि वसतिगृहात ठेवलं. प्रात्यक्षिकासाठी केळीचा कंद हवा आहे असं मी एकदा पत्रात सहज लिहिलं, तर हा माणूस गोणपाटात चार कंद बांधून पॅसेंजर गाडीने जळगावला आला. वसतिगृहाच्या दारात गोणपाट ठेवून, पाणीसुद्धा न पिता परत गेला. अख्ख्या वर्गाने त्या कंदांचे छेद घेतले. मला तेव्हा वाटलं होतं की माझे वडील जगात सगळ्यांपेक्षा वेगळे आहेत.

वर्गीकरण आम्हाला ज्या सरांनी शिकवलं त्यांचा माझ्यावर फार परिणाम झाला. ते म्हणायचे, दिसण्यावर जाऊ नका. उंची बघू नका, कोण काय म्हणतं ते ऐकू नका. वनस्पतीलाच विचारा. अंगात नळ्या आहेत का? फूल येतं का? बी उघडं आहे की झाकलेलं? ती जे उत्तर देईल त्या खान्यात तिला ठेवा. हे मला इतकं आवडलं की सांगता येत नाही. माझ्या घरात, गावात, प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली होती आणि ती ठरवताना कोणी कोणाला काही विचारलेलं नव्हतं. इथे आधी नीट बघायचं, मग ठरवायचं, आणि चुकलं तर खाना बदलायचा, अशी रीत होती. पावसाळ्यात आमची सहल पिंपळनेरच्या डोंगराकडे गेली तेव्हा पाणी झिरपणाऱ्या कातळावर मी आयुष्यात पहिल्यांदा नेचा पाहिला. पान उलटून पाहिलं तर मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा, अगदी पुस्तकातल्यासारख्या. आमच्याकडे शेवाळ पाहायला विहिरीत वाकावं लागायचं. नेचा तर कोणी ऐकलासुद्धा नव्हता. त्या कातळासमोर उभी असताना मी ठरवलं की आपण हेच शिकायचं आणि हेच शिकवायचं. त्यासाठी आधी बी.एस्सी. पुरी व्हायला हवी होती, दुसरं काहीही नको होतं.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि घरी स्थळ येऊन बसलं. मुलगा धुळ्याचा, सरकारी इंजिनियर. त्याचे वडील कचेरीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे कपडे घालणारे, प्रत्येक वाक्य तोलून मापून बोलणारे. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की तिसऱ्या वर्षाची काही गरज नाही, मुलीला आम्हाला नोकरीला पाठवायचं नाही. मी नानांकडे पाहिलं. मला वाटलं, गोणपाट घेऊन जळगावला येणारा माणूस आता काहीतरी बोलेल. नाना म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय ते घरातल्या बाईमाणसांना बरोबर कळतं. आई उठून चहा ठेवायला गेली.

मग माझी पत्रिका गेली आणि परत आली. मुलीला मंगळ. खरं सांगते, मला आनंद झाला. मनात म्हटलं, चला, सुटले, आता हे लोक आपणहून पाय मागे घेतील आणि जूनमध्ये मी जळगावला. पण मी मंगळाला कमी लेखलं होतं आणि आमच्या भटजींना तर फारच कमी. त्यांनी दोन्हीकडच्यांना सांगितलं की यावर उपाय आहे. मुलीचं आधी वृक्षाशी लग्न लावायचं, तो वृक्ष तोडायचा, म्हणजे तिच्या नशिबातला नवऱ्याचा घात त्याच्यावर जातो आणि खरा नवरा सुखरूप राहतो. वृक्ष म्हणून केळ चालते. तुमच्या घरचीच आहे, म्हणाले, बाहेर शोधायला नको.

तेव्हापासून मला ही दोन वर्गीकरणं, सरांचं आणि पत्रिकेचं, एकत्रच आठवतात आणि राग येतो. एका बाजूला माझे सर सांगत होते की वनस्पतीला विचारल्याशिवाय खान्यात टाकू नका. दुसऱ्या बाजूला मी, बोलता येणारी, चालती फिरती मुलगी, मला न विचारता, माझ्याकडे न बघता, जन्माच्या वेळेवरून एका खान्यात जाऊन पडले होते. नवरा मारणाऱ्या मुलींच्या खान्यात. घरात कोणाला यात काही वावगं वाटलं नाही. उलट तोडगा निघाला म्हणून आत्याने गूळ वाटला.

वसतिगृहातलं सामान आणायला जळगावला गेले तेव्हा मी सरांच्या घरी गेले. नानांना त्यांच्याबद्दल फार आदर होता. ते एक शब्द बोलले असते तर नानांनी ऐकलं असतं. मी सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "विधीच तर आहे. वर्गात शास्त्र, घरात घर. माझ्या मुलीचं मी घड्याशी लग्न लावलंच की." मातीचा घडा असतो, त्याच्याशी लग्न लावून तो पाण्यात सोडतात, मंगळाचाच तोडगा. मी त्यांना नमस्कार करून बाहेर पडले. जिना उतरताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. नानांनी निदान वर्गीकरण शिकवायचं ढोंग तरी केलं नव्हतं.

घरी आल्यावर मी नानांना म्हटलं की मला हे करायचं नाही. ते ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "एका दिवसाची गोष्ट हाये, पोरी. झाडाले काय कयतं?" झाडाला काय कळतं, हे खरंच होतं. मला काय कळतं, हा प्रश्न मात्र त्यांना पडला नाही.

केळ निवडताना भटजींनी एक अट घातली. नवरदेव कोवळा हवा, न व्यालेली केळ हवी, म्हणजे जिला अजून घड आलेला नाही अशी. विहिरीजवळच्या बांधावर तशी एक सापडली, उंच, तजेलदार, पायाशी दोन-तीन पिलं घेऊन उभी. पिलं म्हणजे कंदातून बाजूला फुटलेले नवे कोंब. तिला पिवळं धोतर गुंडाळलं, हळद फासली, कुंकू लावलं. मला पिवळी साडी. भर उन्हात माझ्या आणि त्या केळीच्या मध्ये अंतरपाट धरला आणि भटजींनी मंगलाष्टकं म्हटली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मामाने चेष्टेत विचारलं की घास कोण कोणाला भरवणार. माझ्या गळ्यातला पिवळा दोरा केळीला बांधला, केळीचा मला. मी इतकी संतापले होते की माझे दात वाजत होते, आणि आत्याला वाटलं मला थंडी वाजते आहे. मे महिन्यात, आमच्या गावात.

मग मामाने कोयता घेतला आणि केळ कंबरेइतक्या उंचीवर एका घावात तोडली. शेंडा कोसळला. हसणं थांबलं, कारण आता पुढचं होतं. आत्या लहान वयात विधवा झालेली, म्हणून हे काम तिच्याकडे. तिने ओल्या फडक्याने माझं कपाळ पुसलं. हातातल्या हिरव्या बांगड्या दगडावर आपटून फोडल्या. गळ्यातला दोरा तोडला. ती हे इतक्या सवयीने करत होती की तिच्यावर मला रागावतासुद्धा येईना. आई समोर उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. मला पांढरी साडी नेसवून विहिरीच्या पाण्याने अंघोळ घातली, मग पुन्हा रंगीत साडी, पुन्हा कुंकू. अर्धा तास असेल, पण तेवढा वेळ मी एकोणीस वर्षांची विधवा होते आणि माझी सख्खी माणसं मला तशी करून सावलीत उभी होती. लोक म्हणतात विधीच तर आहे. त्यांच्या कपाळावर एकदा ते ओलं फडकं फिरू द्या, मग बोला.

कापलेला शेंडा तापीत सोडला. भटजींनी बजावलं की आता घरच्या कोणी त्या बाजूला फिरकायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. आणि केळी लावणाऱ्या त्या अख्ख्या गावाने ते ऐकलं.

इथे जी चूक झाली ती आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते. घड उतरवला की आमच्याकडे केळ बुंध्यापासून कधी काढत नाहीत. अर्धा खांब तसाच उभा ठेवतात, त्याच्यातलं पाणी पिलांना मिळतं. मामाचा हात आयुष्यभर तसाच चालत आलेला, तो लग्नाच्या दिवशीही तसाच चालला. पण घड दिलेली केळ संपलेली असते, तिचा कोंब फुलात खर्च झालेला असतो. न व्यालेली केळ वरून कापली तर मरत नाही. तिचा जिवंत कोंब खाली कंदात सुरक्षित असतो आणि तिथून नवं पान मधल्या पोकळीतून वर येतं, संध्याकाळपर्यंत बोटभर दिसायला लागतं. हे शेतातल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत होतं. पण त्या दिवशी ती केळ राहिली नव्हती, वृक्ष झाली होती, आणि वृक्ष तोडला की मरतो. मलाही रागाच्या भरात काही सुचलं नाही. आणि भटजींची कोवळ्या नवरदेवाची अट नसती तर काही घडलंही नसतं.

आठवड्याने धुळ्याची मंडळी साखरपुड्याचं ठरवायला आली. मुलगा, त्याचे आईवडील, आणि त्याची आत्या. ही आत्या धरणगावकडची, कापसाच्या घरात दिलेली, धिप्पाड, खणखणीत आवाजाची. जेवणं झाल्यावर नाना सगळ्यांना बाग दाखवायला घेऊन गेले, कारण त्यांना विहिरीवरची नवी मोटर दाखवायची होती. भटजींचं बोलणं ते विसरले की मोटरीपुढे त्यांना ते महत्त्वाचं वाटलं नाही, देव जाणे. मलाही बरोबर नेलं, सून चालते कशी ते बघायला. पाटाच्या पाण्यावर हात धुवायला मुलाची आत्या बांधाकडे वळली आणि तिथेच उभी राहिली.

ती केळ उभी होती. कापलेल्या खांबाला अजून हळद होती, कुंकवाचे ओघळ होते, पिवळ्या दोऱ्याचा तुकडा होता. आणि मधून हातभर लांब, हिरवंगार, नुकतं उलगडलेलं पान सरळ आभाळाकडे गेलेलं होतं. आत्याबाईंनी एकदा केळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हाऊ नवरदेव ते जित्ता शे." हा नवरदेव तर जिवंत आहे. मग त्यांची नजर खाली गेली, बुंध्याशी उभ्या असलेल्या पिलांकडे. "आनि ह्या बठ्ठा कोना?"

हे सगळे कोणाचे, या प्रश्नावर मुलाने रुमाल तोंडाला लावला. तो हसत होता. त्या सगळ्या प्रकरणात माझ्या बाजूचं असं काही त्याने केलं असेल तर तेवढंच. बाकी कोणी हसलं नाही. मुलाच्या वडिलांचा चेहरा पडला. नाना मोटरीच्या खोलीकडून धावत आले आणि केळीसमोर येऊन असे थबकले की जणू त्यांनी केळ पहिल्यांदाच पाहिली होती. ताबडतोब भटजींना बोलावणं गेलं. ते येईपर्यंत तिथेच, विहिरीच्या काठी, वाद पेटला. मुलाच्या वडिलांचं म्हणणं असं की पहिला नवरा जिवंत असताना मुलगी आमच्या घरात कशी येणार. मामाचं म्हणणं असं की शेंडा तर गेला. भटजी घाम पुसत आले, केळीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले की काही बिघडलेलं नाही, विधी पुन्हा करू, या वेळी नीट.

पुन्हा. हा शब्द ऐकला आणि माझ्या कपाळावर ते ओलं फडकं फिरलं. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण त्या दिवशी माझ्या तोंडून वर्गातली भाषा आली. मी म्हटलं, "केळ वृक्ष नाही. ते रोपटं आहे, गवताच्या बाजूचं, आणि त्याचं खरं खोड जमिनीखाली आहे, कंदात. तुमचा विधी वृक्षाशी लग्न लावायचा असेल तर माझं लग्न झालेलंच नाही. आणि झालं असेल तर माझा नवरा हा समोर उभा आहे. दोनातलं एक काय ते ठरवा. माझं कपाळ मी पुन्हा पुसू देणार नाही."

भटजी म्हणाले, शास्त्रात केळीला वृक्षच म्हटलं आहे. मी म्हटलं, मग तोडून बघा, लाकूड निघालं तर मी ऐकते. पुन्हा तोडायची म्हणून मामाने कोयता आणलाच होता. कोणी हललं नाही. मुलाचे वडील म्हणाले की मुलगी फारच शिकलेली दिसते, आणि हे त्यांनी एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसं म्हटलं. मी नानांकडे पाहिलं. एक शब्द बोलायला त्यांना तेव्हाही संधी होती. ते केळीकडे बघत राहिले.

धुळ्याची मंडळी चहा न घेता गेली. मध्यस्थाकडून निरोप आला की योग नाही. भावकीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही असं काकांनी दहा वेळा सांगितलं. मंडळी गेली त्याच संध्याकाळी नानांनी पहार घेतली आणि ती केळ कंदासकट, पिलांसकट उपटून उकिरड्यावर टाकली. मी ओट्यावरून बघत होते. ती केळ मला कोणी नव्हती, पण तिने एवढं सगळं माझ्यासाठी केलं होतं आणि शेवटी तिलाच शिक्षा झाली, याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जूनमध्ये मी जळगावला गेले. नानांनी फी भरली, पण माझ्याशी बोलणं टाकलं. पुढे कामापुरतं बोलू लागले, तरी त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी तिसरं वर्ष पुरं केलं, एम.एस्सी. केलं, धुळ्यालाच नोकरी लागली आणि पत्रिका न बघणाऱ्या एका घरात लग्नही झालं. सरांच्या वर्गात मात्र मी तिसऱ्या वर्षी पुढच्या बाकावर बसले नाही.

मला वाटत होतं मी जिंकले. बरीच वर्षं मी याच भ्रमात होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. जळगावला फार्मसी शिकणारी, हुशार, चटपटीत पोर. नानांचा शेजाऱ्यांकडच्या फोनवरून फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा फोन केला होता. म्हणाले, ये, तू पाहिजेस. एवढंच. धुळ्याहून जळगाव, जळगावहून पुढे, बसमध्ये मी सारखी विचार करत होते की नानांना काय बोलायचं असेल. मला वाटलं, म्हातारपणी मन मऊ होतं माणसाचं.

शेतावर पोचले तर बांधाजवळ माणसं जमलेली. पिवळं धोतर नेसलेली केळ. पिवळ्या साडीतली माझी चुलत बहीण. पोरीला मंगळ निघाला होता आणि मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. म्हातारे भटजी आता नव्हते, त्यांचा मुलगा होता, घड्याळ बांधलेला, घाईत असलेला. या वेळी कोयता नव्हता. त्या जागी स्वच्छ धुतलेली पहार आणि कुदळ ठेवलेली होती, दोन्हींना हळद-कुंकू वाहिलेलं. तरुण भटजी लोकांना समजावून सांगत होता की केळीचं खरं खोड जमिनीखाली असतं, त्याला कंद म्हणतात, म्हणून विधी पुरा व्हायला केळ कंदासकट, पिलांसकट उपटावी लागते. वरून कापून भागत नाही, पूर्वी असे घोटाळे झालेत. आता आसपासच्या सगळ्या गावांत आपण याच पद्धतीने करतो. मग त्याने माझ्याकडे हात केला आणि म्हणाला, "या ताईंनीच तेव्हा सगळं शास्त्रोक्त सांगितलं."

सगळे माझ्याकडे वळले. बायकांनी माना डोलावल्या. नाना काठी टेकत माझ्याजवळ आले. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, तेच आज होतं. म्हणाले, "तुह्या शिकन्याचा गावाले उपेग झाला, पोरी." त्या दिवसाबद्दलचा इतक्या वर्षांचा अबोला त्यांनी असा सोडला. मला ओरडायचं होतं. मी म्हटलं होतं लग्न लावू नका, आणि यांनी ऐकलं होतं केळ नीट उपटा. पण त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता आणि मी मूग गिळून उभी राहिले.

मंगलाष्टकं झाली. पहारीने केळ उपटली, कंद निघाला, पिलं मोजून पाटीत टाकली. आत्या आता खूप थकली होती, तिच्याने उठवत नव्हतं. तिने खाटेवरूनच ओलं फडकं माझ्यापुढे धरलं. म्हणाली, तूच पूस, तुला सगळं माहीत आहे.

फडकं माझ्या हातात आलं आणि हात तिथेच थांबला. मी बहिणीकडे पाहिलं. मला वाटलं, हिच्या डोळ्यांत तो माझा राग असेल, मग मी हिला हाताला धरून इथून घेऊन जाईन, जे व्हायचं ते होऊ दे. तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"अक्का, आटप ना. चारची गाडी आहे. उद्या माझं प्रॅक्टिकल आहे."

मी हललेच नाही. तिने क्षणभर वाट पाहिली, मग माझ्या हातातून फडकं घेतलं आणि तोंड पुसावं तसं आपलं कुंकू आपल्या हाताने पुसून टाकलं.